पट्टी

पहिलं यंत्र मी एका सेकंदात मारलं.
हे आधीच सांगून टाकतो.

नागोयाहून निशिकांतने पाठवलेला अॅम्प्लिफायर,
आणि सोबत विमानतळावरचा पांढरा अडॅप्टर,
तिकडची चपटी पाती आमच्या गोल भोकांत बसवून देणारा.
बसली.
बसली म्हणजे जमलं, असं मला वाटलं.
अडॅप्टर आकार बदलतो, दाब नाही,
हे कळेपर्यंत वास स्वयंपाकघरात पोचला होता
आणि वत्सला तिथून विचारत होती, काय करपलं?
मी म्हटलं, अठ्ठावीस हजार.

मागे पट्टी होती. ए.सी. शंभर व्होल्ट.
अक्षरं बाजरीच्या दाण्याएवढी, पण होती.
"तुझ्याही पाठीला अशी हवी होती," ती म्हणाली,
"लग्नाआधी वाचली असती."

दुसऱ्या वेळी निशिकांतने जुना सेट धाडला, टर्नटेबलसकट,
आणि मी खोका न फोडता, फक्त पट्टी वाचून,
महाराणी रोडला गेलो. हकीमुद्दीनभाई ट्रान्सफॉर्मर गुंडाळत होते.
"भिया, दोनशे तीस हे बोलायचं.
सराफ्यातले तवे रात्री थंड झाले
की माझा मीटर दोनशे बावन्न दाखवतो.
त्या हिशेबाने गुंडाळू?"
गुंडाळा.
"आणि वेटोळी दोन वेगळी. मध्ये कागद.
एकमेकांना शिवत नाहीत, तरी इकडचं तिकडे जातं.
स्वस्तातल्यात एकच वेटोळं असतं,
म्हणजे घर आणि गाव एकाच विहिरीवर. ते नको."

मग ते रामबागेत घरी आले, बोर्ड उघडला,
आणि तिसऱ्या भोकामागे
काहीच नव्हतं.
चौतीस वर्षं आम्ही त्यात जाड पिन खुपसत होतो,
जी सगळ्यात लांब असते,
सगळ्यांच्या आधी आत जाते, सगळ्यांच्या नंतर बाहेर येते,
आणि तिला भेटायला तिथे कुणी नव्हतं.
पेरूखाली खड्डा खणला. तांब्याची पाटी, कोळसा, खडेमीठ.
शेजारचे किबे कुंपणावरून म्हणाले, लोणचं घालताय?

शेवटी बल्ब. शंभर वॅटचा, जुना, पिवळा,
सेटच्या वाटेत मध्येच अडवून लावलेला.
"भडकला आणि भडकलेलाच राहिला, तर आत कुणीतरी भांडतंय.
भडकून मंद झाला, तर घर शांत आहे."
बटण त्यांनी मला दाबायला लावलं.
भडकला.
मी वत्सलाकडे बघितलं नाही.
मग तो हळूहळू उतरला, उतरत गेला,
तारेपुरता लाल राहिला.

तबकडी लावली. बाई गाऊ लागली
आणि पुरुषासारखी गाऊ लागली.
वत्सलाने पेटी ओढली, चाचपडत सूर शोधला:
काळी दोनची बाई आमच्याकडे
पांढरी एकमध्ये उतरली होती.
हकीमुद्दीनभाईंनी कान खाजवला.
"दाब मी उतरवला. पण तिकडे साठ हर्ट्झ, इथे पन्नास.
ते पॉवरहाउसमधून येतं, माझ्या हातात नाही.
मोटार मागे पडणारच. मोठी पुली करून घ्या."

पोलोग्राउंडच्या खरादवाल्याकडे पुली टाकली.
मंगळवार म्हणाला. तीन मंगळवार गेले.
दरम्यान संध्याकाळी सेट चालू असतो
आणि गळ्याच्या ऑपरेशननंतर सहा वर्षं
काळी दोनच्या पायरीशीच अडणारी वत्सला
भाजी निवडता निवडता
बाईच्या बरोबरीने जाते. अंतऱ्यालासुद्धा.
मी आतल्या खोलीत पेपर उघडून बसतो,
पान उलटत नाही.

काल फोन आला, पुली तयार आहे.
म्हटलं, येतो.
कधी, ते त्याने विचारलं नाही.

उन्हाळा आहे. खड्डा ओला राहायला हवा.
पेरूखाली एक बादली
ओतून आलो.